पिटाचा कान

माझे दाजी रावजी म्हणजे सोलापूरच्या नाटकगृहातल्या पिटाचा कान, आणि मी त्या कानाशेजारी बसणारा दगड. हे मी विनयानं सांगत नाही. मला गाण्यातलं खरोखरच काही कळत नाही. भैरवी आणि गिरणीचा भोंगा यांत मला एवढाच फरक वाटतो, की भोंगा झाला की उठावं लागतं आणि भैरवी झाली की उठता येतं. तरीही कित्येक वर्षं एकही नाटक मी चुकवलं नाही, कारण दाजी मला सोडत नसत.

आम्ही मूळचे मंद्रूपकडचे. माझी थोरली बहीण सारजाक्का दाजींना दिलेली. दाजी गिरणीत साचेवाले, कापड विणायचे दोन साचे एकट्यानं चालवायचे. त्यांनीच मला गावाहून आणलं, भवानी पेठेतल्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि एका कापडाच्या दुकानात गज हातात देऊन उभं केलं. गावाकडून आलेली बाकीची माणसं शहरात राबायची, झोपायची आणि सणावाराला गाडी धरून गावी पळायची. दाजींना ते बघवत नसे. ते म्हणायचे, "नुसतं पोटच भरायचं तर मंद्रूप काय वाईट हुतं? शहरात आलाईस तर शहर बघ की."

त्यांचं शहर रविवारी सुरू व्हायचं. अंघोळ करून ते आरशासमोर मोतिया रंगाचा फेटा स्वतः बांधायचे. एक पदर जरी मनासारखा बसला नाही तर सगळा सोडून पुन्हा पहिल्यापासून. मग बाळीवेशीतल्या अत्तरवाल्या चाचांकडे जाऊन पाच-सहा बाटल्या हुंगायच्या आणि एक घ्यायची. चाचा म्हणायचे, "रावजीभाई, तुमे आये तो दुकान का नाक उंचा होता." मग दानम्माच्या खानावळीत जेवण, कोपऱ्यावर पान, आणि दुपारचा खेळ. तेव्हा बोलपट अजून यायचा होता. गिरणी कामगारांसाठी नाटक कंपन्या रविवारी दुपारचा खेळ लावायच्या, आणि पत्र्याच्या त्या नाटकगृहात दारांना काळे पडदे सोडून रात्र करायच्या.

आता पिटातला, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागांवरचा, रिवाज सांगायला हवा. पद आवडलं की लोक 'वन्स मोअर' ओरडायचे आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागायचं. पण पद फसलं तरीसुद्धा वन्स मोअर यायचा. तो चेष्टेचा. नटाचा सूर फाटला की पिट त्याला तेच पद पुन्हा म्हणायला लावी, आणखी फाटला की तिसऱ्यांदा, तो रडकुंडीला येईपर्यंत. चांगले चांगले नट या चेष्टेला भिऊन असत. दाजींनी मात्र असला वन्स मोअर उभ्या जन्मात दिला नाही, आणि ते पुढच्या रांगेत असले की दुसऱ्या कुणाची द्यायची छाती होत नसे. पद संपलं की सगळं पिट त्यांच्या फेट्याकडे बघायचं. दाजी नुसता उजवा हात वर करून, फार मोठ्यानं नाही, "वन्स मोअर" म्हणायचे, आणि मग छपराचे पत्रे वाजायचे. हात वर गेला नाही तर लोक गुमान विडी पेटवायचे. नटसुद्धा पदाचा शेवट करताना आधी त्यांच्याकडे बघत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिल्यांदा बिनसलं ते दानम्माच्या भाकरीवरून.

दानम्माची कडक भाकरी म्हणजे बोटानं टिचकी मारली तर वाजणार. वर शेंगाची चटणी, तेल आणि भरली वांगी. त्या रविवारी दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला आणि ताट पुढं सरकवलं.

"दानम्मा, भाकरी मऊ पडलीया."

दानम्मा चुलीपासून उठली. तिचं मराठी कानडीच्या अंगानं चालायचं. "मऊ? माझं भाकरी?"

"मागल्या आइतवारीबी मऊच हुती. बोललो न्हाय."

दानम्मानं टोपलीतली एक भाकरी घेतली आणि त्यांच्या तोंडासमोर धरून काडकन मोडली. पलीकडच्या पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. "आता सांगा, रावजीप्पा. मऊ हाय?"

दाजींनी तिच्या हातातल्या दोन तुकड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडातली भाकरी एवढी वाजत होती की मला चावायची लाज वाटायला लागली. दाजींनी ताट पुन्हा ओढून घेतलं आणि खाली मान घालून जेवले. पान न खाताच आम्ही नाटकाला गेलो.

त्या रात्री आक्कानं मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "ज्ञानू, ह्ये हल्ली माज्याकडं बगून ऐकत्यात. मी पाट करून बोलले तर उत्तरच न्हाय."

साचेखात्यात बोलणं ऐकू येतच नाही. शेकडो साचे एकदम खडखडत असतात. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. दाजी तर चार साच्यांपलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचे. त्यामुळं कान कधी जायला लागले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ओठ दिसत होते, बोलणं कळत होतं. कळली नाही ती फक्त भाकरी, कारण भाकरीला ओठ नसतात.

मी त्यांना बळंच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं, एक घड्याळ कानाजवळ धरून पाहिलं, आणि सांगितलं की साच्यांच्या आवाजानं आतली नस मरत चालली आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं असेल तर साचेखातं सोडा.

दाजी त्यांच्या ओठांकडे नीट बघत होते. म्हणाले, "साचं सोडलं तर खायाचं काय? आन् नाटकाला जायाचं कशानं?"

डॉक्टर हसले. मी नाही हसलो. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. गिरणीचा पगार नसता तर हा माणूस नाटक बघायला शिकला नसता, आणि गिरणी नसती तर त्याचे कान गेले नसते. तुम्हीच सांगा, भांडायचं कुणाशी?

मग कानात औषधी तेल आणि कापसाचे बोळे सुरू झाले. पिटातल्या पोरांना वाटलं हा अत्तराचा फाया. पंधरवड्यात निम्मं पिट दोन्ही कानांत कापूस घालून बसायला लागलं. काहींनी तर रंगीत कापूस आणला. दाजींनी मला शपथ घातली होती, त्यामुळं हा मूर्खपणा मला मुकाट्यानं बघावा लागला.

शपथ नुसती गप्प बसायची नव्हती. एका रविवारी फेटा बांधता बांधता ते म्हणाले, "ज्ञानू, डगा कळतोय मला. तबल्याची चाट न्हाय कळत. खालचा सूर येतो, वर चडला की जातो कुटं तरी. तू येक कर. पद झ्याक झालं की मांडीला चिमटा काड."

"दाजी, मला काय कळतंय झ्याक झालं का न्हाय?"

"कान हाईत न्हवं तुला?"

कान होते. चांगले ठणठणीत होते. देवानं माणसांना कान वाटताना काय बघितलं असेल हे मला आजवर उमगलेलं नाही.

मी एक युक्ती काढली. आमच्याच रांगेत पलीकडे कल्लप्पा नावाचा तंबाखूवाला बसायचा, त्याला गाण्यातलं कळायचं. कल्लप्पाची मान डोलली की चिमटा. एकदा कल्लप्पा जेवून आला होता आणि पेंगत होता. मान डोलली, मी चिमटा काढला, दाजींचा हात वर गेला, आणि एका रटाळ पदाला पत्रे हादरवणारा वन्स मोअर मिळाला. बाहेर पडताना लोक म्हणत होते, रावजींना त्यात काहीतरी दिसलं असणार. इतका विश्वास.

पुढं वर्षभर असंच चाललं. पुढच्या उन्हाळ्यात मणेरीकरांची कंपनी आली.

शंकर मणेरीकर नायिकेचं काम करायचे. चाळिशी गाठलेला माणूस, पण शालू नेसून उभा राहिला की वरच्या मजल्यावरच्या बायका श्वास रोखून बघायच्या. आमच्या आक्कानं अंबाड्यावर फूल कुठं खोवायचं हे त्यांच्याकडूनच उचललं होतं. तिसऱ्या अंकात त्यांची नायिका हेमावती राजवाडा सोडून निघते तेव्हा त्यांचं जोगिया रागातलं एक पद होतं. दाजी पहिल्यांदा सोलापुरात आले तेव्हा महिनाभरात कंटाळून गावी परत निघाले होते. गाडीला वेळ होता म्हणून नाटकगृहाच्या मागच्या दाराशी उभे राहिले आणि आत हे पद चाललं होतं. ते गावी गेलेच नाहीत. आक्का, त्यांचा संसार, त्या संसाराच्या आश्रयाला आलेला मी, सगळं त्या पदामुळं सोलापुरात आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता गावोगाव कुजबूज होती, की मणेरीकरांचा आवाज बसलाय. मागच्या मुक्कामात दोन खेळ रद्द झाले म्हणे. दाजींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बसू दे. माजं बी तसंच हाय. ह्ये कान पुरतं जायाच्या आदी येकदा जोगिया ऐकून घेतो. मग खुशाल जाऊ देत."

त्यांना दुसरं काही नको होतं. महिनाभर आधीपासून ते रात्री कानात तेल घालून झोपत होते, आक्कानं पाट्यावर मसाला वाटलेलासुद्धा त्यांना खपत नसे. उरलेलं जेवढं आहे तेवढं त्यांना त्या पदासाठी राखायचं होतं.

खेळाच्या दिवशी आम्ही अगदी पुढं बसलो. पेटीवाल्याची बोटं दिसत होती. पहिले दोन अंक मणेरीकर सांभाळून गायले. चढायच्या जागी पेटीवाला चढायचा आणि ते मान वळवून पदर सावरायचे. मला एवढं कळलं, कारण पिटात चुळबूळ होती. दाजींना वाटलं रंगतंय.

तिसऱ्या अंकात जोगिया सुरू झाला. दाजींना शब्दन् शब्द पाठ होता. त्यांचे ओठ मणेरीकरांच्या ओठांबरोबर हलत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिकडं बघवेना. मग तान आली. तानेला शब्द नसतात. मणेरीकरांचं तोंड नुसतं उघडं राहिलं, आणि दाजींचे ओठ थांबले. ते पुढं वाकले. कानातला कापूस त्यांनी काढून टाकला. मणेरीकरांच्या गळ्याकडे बघत राहिले, तिथं काही हलतंय का म्हणून.

वरच्या सुराला मणेरीकरांचा आवाज फाटला. मला कळलं म्हणजे बघा किती फाटला असेल. कल्लप्पानं खाली बघितलं. पद कसंबसं संपलं आणि पिटात एकदम शांत झालं. कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांचा माणूस, एवढं नाव. लोकांना दया येत होती आणि सगळे दाजींच्या फेट्याकडे बघत होते, की आता हे प्रकरण इथंच मिटलं.

मी चिमटा काढला नाही. देवाशपथ काढला नाही.

दाजींचा हात वर गेला. "वन्स मोअर."

त्यांना ऐकूच आलं नव्हतं, म्हणून त्यांना ते पुन्हा हवं होतं. दुसरं काही नाही. पण मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग पिटाला आपला जुना खेळ आठवला. रावजींनीच दिलाय म्हटल्यावर काय? वन्स मोअर, वन्स मोअर. मणेरीकरांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. ते दाजींना ओळखत होते. त्यांनी हात जोडले आणि पेटीवाल्याला खूण केली.

मी दाजींचा दंड धरला. "दाजी, बास. आवाज फाटलाय त्येंचा. बास करा." मी त्यांच्या कानाशी ओरडलो, तोंडासमोर तोंड नेऊन बोललो. पण पिटात काळोख. उजेड सगळा रंगमंचावर, माझे ओठ त्यांना दिसतच नव्हते. त्यांनी माझा हात झटकला, त्यांची नजर त्या गळ्यावरून हलत नव्हती. दुसऱ्यांदा आवाज त्याच जागी फाटला, आणि या वेळी लोक उघड हसले. दाजींचे डोळे भरून आले होते. उजवा हात पुन्हा वर गेला. मी तो खाली ओढत होतो आणि ते ताकदीनं वर नेत होते. मागून बघणाऱ्यांना वाटलं असेल मेव्हण्या-दाजीची मस्ती चाललीये.

"वन्स मोअर," दाजी म्हणाले.

मणेरीकर शालूचा पदर हातात धरून उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग पडदा पडला, आणि नायिका आजारी झाल्यामुळं खेळ थांबवत आहोत, असं कुणीतरी येऊन सांगितलं.

नाटक झालं की आत जाऊन मणेरीकरांना भेटायचं हा दाजींचा शिरस्ता. मी त्यांना दाराकडे ओढत होतो, ते मला आत ओढत होते. रंगपटात दिव्यांचा लखलखाट होता. मणेरीकर आरशासमोर बसले होते. शालू अंगावरच, केसांचा टोप काढून ठेवलेला, आणि पंच्यात तोंड खुपसून ते रंग पुसत होते. आम्ही आलेलं त्यांना आरशात दिसलं असावं. तोंड पंच्यातच ठेवून ते बोलले.

"रावजी, सगळ्या सोलापुरात मी एका माणसाच्या भरवशावर उभा राहिलो आज. तुम्हीच माझी चेष्टा केलीत?"

दाजींना फक्त पंचा दिसत होता. मणेरीकर आभार मानताहेत असं वाटून ते हात जोडून हसले. "तुमची किरपा," ते म्हणाले.

मणेरीकरांनी पंचा खाली केला. अर्धा चेहरा गुलाबी होता, अर्धा त्यांचा. त्या माणसाच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कुणाच्या डोळ्यांत पुन्हा बघू इच्छित नाही. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं: यांना ऐकू येत नाही. पण काळोखात जे मला दाजींना सांगता आलं नाही, ते या उजेडात मला त्यांच्यापासून लपवता येत नव्हतं. दाजी माझ्या ओठांकडेच बघत होते. शपथ मोडली असती ती मोडली असती. पण आपण काय करून बसलो हे त्यांना माझ्या तोंडावर वाचावं लागलं असतं.

मी दाजींकडे पाठ केली आणि हळूच म्हणालो, "त्यांना ऐकायला येत नाही, बुवा. वर्ष झालं. म्हणून पुन्हा पुन्हा मागत होते."

मणेरीकर माझ्याकडे बघत राहिले. मग उठून दाजींसमोर येऊन उभे राहिले, दिव्याकडे तोंड करून, आणि एकेक शब्द सोडवून म्हणाले, "कसा झाला जोगिया?"

"पयल्यासारखाच," दाजी म्हणाले. "पाक पयल्यासारखा."

मणेरीकर खाली वाकले आणि शालूसकट त्यांच्या पाया पडले. दाजी संकोचून मागं सरले, त्यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

आम्ही बाहेर आलो तर अजून ऊन होतं. खेळ मोडल्यामुळं लोक लवकर सुटले होते, चहाच्या दुकानासमोर घोळका होता, आणि कुणीतरी फाटक्या आवाजात ते पद म्हणून दाखवत होता. बाकीचे पोट धरून हसत होते. दाजींना बघून त्यातल्या दोघांनी कौतुकानं हात वर केले. दाजींनीही हात वर केला, आणि मग तो तसाच राहिला. ते त्या पोरांची तोंडं बघत होते.

थोडं चालल्यावर ते थांबले.

"तू पाट फिरवून काय बोललास त्येंच्यासंगं?"

"काय न्हाय."

"गानं चांगलं झालेला मानूस आसा पाया पडत न्हाय, ज्ञानू." मग त्यांनी मागं वळून चहाच्या दुकानाकडे पाहिलं. "आवाज फाटला व्हय त्येंचा?"

मी मान हलवली.

"कितींदा?"

मी दोन बोटं वर केली.

"मंग मी काय केलं रं?" दाजी म्हणाले, आणि रस्त्याच्या मधोमध, त्या लख्ख उन्हात, माझ्या ओठांकडे बघत उभे राहिले.